कुळातले आणि काळजीतले : मधुमेहाच्या दोन कारणांचा इतिहास



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याच वर्गात मी इतिहास शिकलो आणि पुढे आयुष्यभर इतिहासच शिकवला. वैद्यक हा माझा प्रांत नव्हे. समोर बसलेल्या डॉक्टर मंडळींना मी काही नवे सांगू शकेन, असा माझा दावा नाही. परंतु रोगांनाही इतिहास असतो, आणि रोगांविषयी माणसांनी बांधलेल्या समजुतींना तर फारच रंजक इतिहास असतो. आजचा विषय त्या दुसऱ्या प्रकारात मोडतो.

आपल्या इंदूरच्या मराठी घरांत कुणाला मधुमेह निघाला, की दोन वाक्ये हमखास कानी येतात. एक, 'आमच्या घराण्यातच आहे तो.' दुसरे, 'काळजीनं झालं हो सगळं.' सराफ्यातली जिलबी ही खरी तिसरी आरोपी. पण तिच्या बाजूने बोलणारे या शहरात इतके आहेत, की तिच्यावरचा खटला कधी उभाच राहत नाही. पहिल्या वाक्यात दैव आहे, दुसऱ्यात परिस्थिती. या दोहोंपैकी खरे कोणते, हा वाद सुमारे दोन हजार वर्षे चालला, आणि तो वादच चुकीच्या पद्धतीने मांडला गेला होता हे कळायला विसावे शतक संपावे लागले. ती हकीकत मी सांगणार आहे.

प्रारंभ आपल्याच घरापासून करू. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत : एक 'सहज', म्हणजे आईबापांच्या बीजदोषातून जन्मतःच आलेला, दुसरा अपथ्यामुळे जडलेला. पहिल्याचा रोगी कृश असतो, दुसऱ्याचा स्थूल, बैठा आणि झोपाळू. चरकसंहितेत कुळातून आलेल्या अशा विकारांना 'कुलज' म्हणून असाध्य ठरवले आहे. पण त्याच ग्रंथाच्या निदानस्थानात वातज प्रमेहाच्या कारणांत उद्वेग, शोक आणि जागरण यांचीही गणना आहे. म्हणजे आपली ती दोन्ही वाक्ये तिथे आहेत. मात्र याचा अर्थ 'आमच्या पूर्वजांना सर्व काही ठाऊक होते' असा काढू नये. त्यांनी निरीक्षण उत्तम केले होते. कार्यकारणाची साखळी त्यांच्या हाती नव्हती. निर्धन रोग्याने अनवाणी, भिक्षा मागत शंभर योजने चालत जावे, असाही उपचार सुश्रुताने सांगितला आहे. आजच्या डॉक्टरांचा सकाळच्या फेरफटक्याचा सल्ला त्यामानाने फारच सौम्य म्हणावा लागेल.

युरोपात १६७४ साली टॉमस विलिस या इंग्रज वैद्याने मधुमेह्याचे मूत्र गोड असते असे लिहिले आणि कारणांमध्ये दीर्घ शोकाचा उल्लेख केला. परंतु शोक मनात असतो आणि साखर रक्तात. मधला पूल कोणता? तो शोधण्यास आणखी पावणेदोनशे वर्षे लागली. १८४९ मध्ये पॅरिसमध्ये क्लोद बर्नार याने सशाच्या मेंदूच्या तळाशी, चौथ्या विवराच्या भुईत, सुई टोचली. थोड्याच वेळात सशाच्या मूत्रात साखर उतरली. यकृत स्वतः साखर तयार करून रक्तात सोडते, हे त्याने आधीच दाखवले होते. आता मेंदूचा हात यकृतापर्यंत पोहोचतो हेही सिद्ध झाले. मराठी माणसाला यात एक गंमत वाटावी. आपण ज्याला काळीज म्हणतो ते अनेकदा हृदय नसून यकृतच असते. खाटकाच्या दुकानात तर नक्कीच. आणि 'काळजी' हा शब्द त्या काळजाला बिलगूनच आपल्या तोंडी येतो. बर्नारला मराठी येत नव्हते, पण त्याने काळजीचा काळजाशी असलेला संबंध सुईच्या टोकाने दाखवला, असे म्हणायला हरकत नाही.

यापुढचे नाव वॉल्टर कॅनन यांचे. हार्वर्ड विद्यापीठातील या शरीरशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९११ साली मांजरांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. मांजराला बांधून ठेवले, किंवा पिंजऱ्यात ठेवून समोर कुत्रा भुंकू दिला, की त्या मांजराच्या मूत्रात साखर येई. त्यांनी दोन गोष्टी विशेष नोंदवल्या. मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी काढून टाकल्या, तर कितीही भुंकले तरी साखर येत नसे. म्हणजे निरोप्या कोण, ते कळले. दुसरी गोष्ट अशी की, सर्व मांजरे सारखी वागली नाहीत. तरुण बोके लगेच थैमान घालत आणि त्यांची साखर लवकर उतरे. प्रौढ, शांत माद्यांना बराच वेळ लागे. संकट एकच, पण प्रत्येकाचा प्रतिसाद आपापला. आजच्या व्याख्यानाचा सारा गाभा त्या पिंजऱ्यांत होता. मात्र त्या काळी लक्ष गेले ते पहिल्या गोष्टीकडे.

मग कॅनन माणसांकडे वळले. १९१३ च्या हंगामातील अखेरच्या, अटीतटीच्या फुटबॉल सामन्यानंतर हार्वर्डच्या संघातील २५ खेळाडूंचे मूत्र तपासण्यात आले. १२ जणांच्या मूत्रात साखर सापडली. त्या बारांपैकी पाच जण राखीव खेळाडू होते. ते मैदानात उतरलेच नव्हते, नुसते बाकावर बसून होते. विद्यार्थी मित्रांना आवडेल असेही एक निरीक्षण आहे : अवघड परीक्षा देऊन बाहेर पडलेल्या नऊ वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी चौघांच्या मूत्रात साखर मिळाली, सोप्या पेपरानंतर मात्र एकाच्याच. १९१५ च्या आपल्या ग्रंथात कॅनन यांनी याचा अर्थ लावला. संकट आले की प्राण्याला लढावे तरी लागते किंवा पळावे तरी लागते. त्यासाठी स्नायूंना इंधन हवे, म्हणून यकृत साखर सोडते. व्यवस्था चोख आहे. अडचण त्या बाकावरच्या पाच जणांची आहे. त्यांनी साखर मागवली, पण ती खर्च करण्याची संधी त्यांना मिळालीच नाही. कचेरीत वरिष्ठाचे बोलणे मुकाट्याने ऐकून घेणारा कारकून, कर्जाचा हप्ता चुकलेला दुकानदार, हे सारे त्या बाकावरचेच राखीव खेळाडू होत. फरक एवढाच, की फुटबॉलचा सामना संपतो.

न संपणाऱ्या सामन्याचा अभ्यास हान्स सेल्ये यांनी केला. माँट्रियलच्या मॅगिल विद्यापीठात ते उंदरांना ग्रंथींचे अर्क टोचत होते. नवे संप्रेरक सापडले अशी त्यांची समजूत झाली. पण साधे फॉर्मॅलिन टोचले तरी तेच घडे : अधिवृक्क ग्रंथी फुगत, थायमस आकसे, जठरात व्रण पडत. थंडी, इजा, अतिश्रम, काहीही असो, शरीराचे उत्तर एकच. १९३६ साली 'नेचर'मध्ये एका पानाहूनही लहान टिपणातून त्यांनी हे मांडले आणि पुढे त्यास 'स्ट्रेस' हे नाव दिले. आपण त्याला ताण म्हणतो. सेल्ये मोठे खरे, पण त्यांच्याकडे डोळे मिटून पाहू नये. उत्तरायुष्यात त्यांनी तंबाखू कंपन्यांचे पैसे घेतले, आणि हृदयरोगाचा दोष धूम्रपानावरून ताणाकडे वळवण्यास त्या कंपन्यांना त्यांचा उपयोग झाला. 'काळजीनं झालं' या वाक्याला गिऱ्हाईकही असते, हे लक्षात ठेवलेले बरे.

दीर्घ ताणाचे मुख्य हत्यार कॉर्टिसॉल. अॅड्रिनॅलिन क्षणात येऊन जाते. कॉर्टिसॉल मुक्कामाला येते. ते यकृताकडून साखर बनवून घेते, इन्सुलिनचा प्रभाव बोथट करते आणि चरबी पोटाभोवती साठवू लागते. याचे टोकाचे रूप शल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी १९३२ मध्ये वर्णिले होते : गोल चेहरा, सुटलेले पोट, काटकुळे हातपाय, वाढलेला रक्तदाब आणि मूत्रात साखर. ताणग्रस्त माणसाला कुशिंगचा रोग होतो असे नव्हे. पण त्याच वाटेवर दोन पावले चालत राहिले, तर वीस वर्षांत कुठे पोहोचू, याची कल्पना त्यावरून येते. लंडनच्या सरकारी नोकरांवरील 'व्हाइटहॉल' अभ्यासात १०,३०८ जणांची पाहणी झाली. १४ वर्षांच्या नोंदींवरून २००६ मध्ये असे दिसले, की ज्यांना कामावर वारंवार ताण होता, त्यांच्यात पोटाचा घेर, रक्तदाब आणि साखर यांचा एकत्रित बिघाड इतरांच्या दुपटीहून अधिक आढळला. आणि मुळात हा बिघाड खालच्या हुद्द्यांवर जास्त होता. साहेबांना ताण फार, हा आपला समज साहेबांनीच पसरवलेला असावा.

आता पहिल्या वाक्याकडे, कुळाकडे वळतो. कारण इथे इतिहास काळवंडतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन भाषिक दवाखान्यांत मधुमेहाला चक्क 'ज्यूंचा रोग' म्हणत. ज्यू लोक जात्याच अस्वस्थ, चिंताक्रांत प्रकृतीचे, म्हणून त्यांना हा रोग होतो, असे नामवंत वैद्य लिहीत. पाहा, कुळ आणि काळजी दोन्ही एकत्र आली, पण शास्त्र म्हणून नव्हे, शिक्का म्हणून! १९०७ साली ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या परिषदेत उष्ण कटिबंधातील मधुमेहावर चर्चा झाली, तेव्हा बंगालमधील सुशिक्षित, बैठ्या बाबूवर्गाच्या डोकेफोडीकडे तसेच बोट दाखवले गेले. अमेरिकेतील एलियट जॉस्लिन यांनी पुढे वंशाच्या या सिद्धान्ताला विरोध केला. त्यांच्या मते कारण ज्यू असण्यात नव्हते, लठ्ठपणात होते. रोग्याची जात सांगितली की कारण सांगितल्याचे समाधान मिळते, आणि शोध तिथेच थांबतो. इतिहासाच्या अभ्यासकाला ही खोड सर्वत्र भेटते.

ज्यूंवरचा शिक्का पुसट होत गेला, तसा तो दुसऱ्या एका लोकसमूहावर बसला. त्यांची कहाणी मी थोडी विस्ताराने सांगतो.

अॅरिझोनाच्या वाळवंटात गिला नदीकाठी पिमा नावाची मूळ अमेरिकन जमात राहते. त्यांचे स्वतःचे नाव 'अकिमेल ओओधाम', म्हणजे नदीचे लोक. कालवे काढून शेती करण्यात ते शतकानुशतके निष्णात होते. १८४९ मध्ये सोन्यासाठी कॅलिफोर्नियाकडे धावणाऱ्या गोऱ्यांना त्यांनीच गहू विकला. पुढे त्याच गोऱ्या वसाहतवाल्यांनी नदीचे पाणी वरच्या अंगाला अडवले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत या लोकांची शेते कोरडी पडली. उपासमार झाली. मग सरकारी शिधा आला : मैदा, साखर, डुकराची चरबी. १९४० मध्ये जॉस्लिन यांनी अॅरिझोनात पाहणी केली, तेव्हा त्यांना तेथील मूळ रहिवाशांत मधुमेहाचे काही वेगळे प्रमाण दिसले नाही. १९६३ साली संधिवाताचा अभ्यास करण्यासाठी सरकारी संशोधक तिथे गेले आणि भलतेच काही घेऊन परतले. १९७१ मध्ये 'लॅन्सेट'ने छापले, की पस्तिशी ओलांडलेल्या पिमांपैकी निम्म्यांना मधुमेह आहे. जॉस्लिन यांची पाहणी आजच्या कसोट्यांनी झालेली नव्हती, हे मान्य. तरीही तीस वर्षांत झालेला हा बदल प्रचंड होता. तीस वर्षांत कुणाची जनुके बदलत नाहीत. बदलली होती ती नदी.

तरीही स्पष्टीकरण जनुकांतच शोधले गेले. मिशिगनचे जेम्स नील यांनी १९६२ मध्ये 'काटकसरी जनुकसंच' ही कल्पना मांडली होती : दुष्काळाच्या युगात जी जनुके चरबी साठवून माणसाला जगवत, तीच सुबत्तेत त्याला मारतात. कल्पना मोहक होती, आणि नील यांनी लेखाच्या शीर्षकाच्या अखेरीस प्रश्नचिन्ह ठेवले होते. ते चिन्ह पुढच्या वाचकांनी गाळून टाकले. आपल्याकडेही १८७६ ते १८७८ च्या दख्खनच्या दुष्काळाशी आजच्या मधुमेहाची गाठ घालणारे बोलतात. दोन-चार पिढ्यांच्या दुष्काळाने जनुकांची निवड एवढी बदलते, हे मला पटत नाही. पिमांच्याच रक्ताचे भाईबंद मेक्सिकोच्या डोंगरात शेती करून राहतात. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत त्यांच्यात मधुमेहाचे प्रमाण ६.९ टक्के निघाले, तर अॅरिझोनातल्या पिमांत ३८ टक्के.

मग जनुकांना काहीच अर्थ नाही काय? तसेही नाही. शरीराच्या वजनाशी संबंधित 'एफटीओ' नावाचे जनुक २००७ मध्ये उजेडात आले. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी २०१५ मध्ये तपासल्या, तेव्हा असे दिसले, की या जनुकाचा वजनाशी ठळक संबंध १९४२ नंतर जन्मलेल्यांतच लागतो; त्याआधी जन्मलेल्यांत तो जवळजवळ दिसत नाही. जनुक तेच, गाव तेच. काळ बदलला आणि जनुक बोलू लागले. इतिहास शिकवणाऱ्याने याहून अधिक काय मागावे! ताणाच्या बाबतीतही त्याच वर्षी अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी 'ईबीएफ१' या जनुकाविषयी लिहिले. या जनुकाचे एक विशिष्ट रूप धारण करणाऱ्यांत, आणि त्यातही ज्यांच्या आयुष्यात आजारपण, पैसा, नोकरी, नाती यांचा ताण दीर्घकाळ टिकून होता त्यांच्यात, आधी शरीराचा घेर वाढलेला, मग साखर, मग मधुमेह, आणि अखेर मानेच्या धमन्यांची भिंत जाड झालेली, अशी मालिका त्यांना जोडता आली. ताण कमी असणाऱ्यांत त्या रूपाचा प्रभाव तसा उमटत नव्हता. ही पाहणी गोऱ्या अमेरिकनांची आहे; ती आपल्याला जशीच्या तशी लागू करू नये. पण कॅननच्या पिंजऱ्यातले तरुण बोके आणि शांत माद्या इथे पुन्हा भेटतात.

आणखी एक दार अलीकडे उघडले आहे. जनुकाची अक्षरे न बदलता त्यावर रासायनिक खुणा बसतात आणि ते कमीअधिक वाचले जाते. या खुणा गर्भातही बसतात. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे पश्चिम हॉलंडमध्ये माणशी शिधा दिवसाला एक हजार कॅलरींच्याही खाली गेला होता. त्या उपासमारीत गर्भात असलेल्यांची साखर पन्नाशीनंतर बिघडलेली आढळली, आणि त्या दिवसांत गर्भधारणा झालेल्यांच्या वाढीशी संबंधित एका जनुकावरील खुणा साठ वर्षांनंतरही त्यांच्या सख्ख्या भावंडांहून वेगळ्या निघाल्या. हे २००८ साली प्रसिद्ध झाले. पण तिथे भूक आणि भय यांना वेगळे कसे करणार? ते काम एका वादळाने केले. जानेवारी १९९८ मध्ये सेल्ये यांच्याच माँट्रियल परिसरात गोठत्या पावसाने विजेच्या तारा तुटल्या. काही घरे पाच-सहा आठवडे अंधारात आणि गारठ्यात राहिली. अन्नाचा दुष्काळ नव्हता, नुसता ताण. त्या वेळी गर्भार असलेल्या स्त्रियांच्या मुलांचा पुढे अनेक वर्षे माग ठेवला गेला. जितकी अडचण मोठी, तितका मुलांत लठ्ठपणाकडे कल अधिक. आणि किशोरवयात तपासलेल्या खुणाही आईच्या प्रत्यक्ष हालअपेष्टांशी जुळल्या.

आपल्या महाराष्ट्रातही या इतिहासाचे एक मोलाचे प्रकरण लिहिले गेले आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळे सरासरी सुमारे २.७ किलोंची, तर इंग्लंडमधील साउदम्पटनची सुमारे ३.५ किलोंची. आपली बाळे प्रत्येक मापात लहान होती, पण कातडीखालची चरबी मात्र त्यामानाने राखून होती. किडकिडीत दिसणारे आणि तरी चरबी बाळगणारे हे मूल, त्याला प्रौढपणी मधुमेह लवकर गाठतो. त्या आया दिवसभर राबत आणि पोटभर खात नसत. सुश्रुताचा 'सहज' कृश रोगी आठवावा, पण इथे 'सहज' म्हणजे बीजदोष नव्हे, आईचे कष्ट. कुळ आणि काळजी यांच्यातली भिंत इथे पडते. माझ्या आजीची काळजी हेच कदाचित माझे कुळ असेल.

शेवटी पिमांकडे परत जातो. तिथे एक लहानसा प्रयोग झाला. तो १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. जमातीतील ९५ स्थूल माणसांचे दोन गट केले. एका गटाला आहार आणि व्यायाम यांचे रीतसर शिक्षण दिले. दुसऱ्या गटाला असे काही शिकवले नाही. त्यांच्या बैठकांत पिमांचा इतिहास आणि संस्कृती यांवर बोलणे होई. बारा महिन्यांनी मोजमाप केले, तेव्हा पहिल्या गटाचे वजन दुसऱ्यापेक्षा जास्त वाढले होते आणि साखर व रक्तदाबही त्यांचाच अधिक बिघडला होता. पूर्वजांच्या गोष्टी ऐकणाऱ्यांचे बरे चालले होते. प्रयोग छोटा होता, त्यावर इमले बांधू नयेत. डॉक्टरांनी पथ्याऐवजी बखरी लिहून द्याव्यात असे मी म्हणत नाही. तरी घरापासून शेकडो मैलांवर आपली भाषा आणि आपली शाळा जपून बसलेल्या माणसांसमोर हा निष्कर्ष वाचताना मी दोनदा थांबलो, हे खरे.

२००४ साली अमेरिकेच्या संसदेने अॅरिझोनाच्या पाण्याविषयी कायदा केला. त्याने गिला नदीकाठच्या या जमातीचा दरवर्षी साडेसहा लाख एकर-फुटांहून अधिक पाण्यावरचा हक्क मान्य केला. ते पाणी पुन्हा शेतांत नेता यावे म्हणून नदीच्या लोकांनी कालवे बांधायला घेतले आहेत.